गिम्पमध्ये जुने कृष्णधवल छायाचित्र दुरुस्त केले, पण चेहरे मेणासारखे दिसतात : मदत आणि अभिप्राय हवा

करडीछटा (प्रश्न)

नमस्कार.

घरातील एका जुन्या कृष्णधवल छायाचित्राची दुरुस्ती मी गिम्प २.१० हे चित्र-संपादनाचे मोफत सॉफ्टवेअर वापरून केली आहे. छायाचित्र ४ इंच बाय ६ इंच आकाराचे, स्टुडिओत काढलेले असून त्यात एक जोडपे शेजारी शेजारी बसलेले आहे. कागद पिवळा पडला आहे, वरच्या कोपऱ्यात पाण्याचा डाग आहे आणि घडी पडल्यामुळे आलेला एक तडा स्त्रीच्या कपाळावरून निघून एका डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून गालावर उतरला आहे. सोबत तीन चित्रे जोडली आहेत : मूळ स्कॅन, दुरुस्तीनंतरचे चित्र, आणि स्त्रीच्या चेहऱ्याचा शंभर टक्के आकारातला तुकडा.

केलेले काम क्रमाने असे. स्कॅन ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके), ग्रेस्केलमध्ये (फक्त करड्या छटांत) केला आणि जेपेग म्हणून साठवला. गिम्पमध्ये लेव्हल्स (गडद-उजळ छटांची मर्यादा बदलण्याची सोय) उघडून ऑटो दाबले, त्याने फिकटपणा बराच कमी झाला. तडा आणि ठिपके क्लोन टूलने भरले. चेहऱ्यांवरची खरखर जावी म्हणून त्यांच्याभोवती सिलेक्शन करून गॉसियन ब्लर (धूसर करणारा फिल्टर) दिला, आणि त्यामुळे आलेला मऊपणा घालवण्यासाठी शेवटी संपूर्ण चित्राला शार्पन केले (कडा धारदार केल्या). त्यात रेडियस ३ आणि अमाउंट २ ठेवले होते. हे सर्व एकाच लेअरवर (चित्राच्या एकाच थरावर) झाले आहे, परंतु मूळ स्कॅनची फाइल स्वतंत्र ठेवली आहे.

आता चेहरे गुळगुळीत, मेणाचे असावेत तसे दिसतात, खांद्यांच्या आणि केसांच्या कडेने पांढरी रेघ उमटली आहे, मागच्या पडद्यावर पट्टे दिसू लागले आहेत आणि छापून आणलेली प्रत पडद्यावर दिसते त्यापेक्षा पुष्कळच काळपट आली. यांतील कोणते दोष आहे त्या फाइलमध्ये सुधारता येतील आणि कशासाठी पुन्हा मुळापासून सुरुवात करावी लागेल, हे जाणकारांनी सांगावे. एकूण चित्राबद्दलही मोकळेपणाने लिहावे; कौतुकापेक्षा दोष दाखवलेले मला अधिक उपयोगी पडतील. विकतचे किंवा वर्गणीचे सॉफ्टवेअर घेण्याचा विचार नाही.

पडछाया

नमस्कार. मूळ स्कॅन आणि शंभर टक्के आकारातला तुकडा, दोन्ही दिलेत हे फार बरे केलेत. अभिप्राय मागताना बहुतेक जण शेवटचे, लहान केलेले चित्र तेवढे दाखवतात. त्यात ना ब्लर दिसतो ना शार्पनची कड, आणि मग उत्तर देणाऱ्याला ‘छान जमले आहे’ यापलीकडे काही म्हणता येत नाही. कामाचा क्रम आणि आकडे दिल्यामुळे तर्क लढवण्याचीही गरज उरलेली नाही.

स्पष्टच सांगायचे तर पुन्हा स्कॅन करावे लागेल. आपला मूळ स्कॅन उघडून मी त्याचा हिस्टोग्राम (कोणती छटा किती आहे याचा आलेख) पाहिला. सगळ्या छटा साधारण ७० ते १९० या टप्प्यात आहेत. म्हणजे ८ बिटच्या चित्रात उपलब्ध असलेल्या २५६ पायऱ्यांपैकी जेमतेम १२१ पायऱ्या वापरल्या गेल्या. ऑटोने हाच टप्पा ० ते २५५ इतका ताणला. ताणल्याने नव्या छटा निर्माण होत नाहीत, आहेत त्यांच्यामधले अंतर तेवढे वाढते. त्यामुळे १३५ पायऱ्या रिकाम्या राहिल्या. मागच्या पडद्यावर उजेड जिथे हळूहळू मावळत जातो तिथे ही अंतरे पट्ट्यांच्या रूपाने डोळ्यांना दिसतात. त्यात मूळ फाइल जेपेग असल्यामुळे ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकोनांच्या खुणा आधीपासून होत्या, त्याही ताणल्या गेल्या आणि शार्पनने उठावदार झाल्या.

प्रत्येक चॅनेलला (लाल, हिरवा, निळा या प्रत्येक घटकाला) १६ बिट घेऊन स्कॅन केल्यास (स्कॅनरच्या यादीत हा पर्याय ‘४८ बिट रंगीत’ या नावाने असतो) त्याच टप्प्यात जवळजवळ ३१,००० पायऱ्या मिळतात आणि कितीही ताणले तरी पट्टे पडत नाहीत. येथे एक खुलासा आवश्यक आहे. आहे तीच ८ बिटची फाइल गिम्पमध्ये उघडून तिचे प्रिसिजन (छटा नोंदण्याची अचूकता) १६ बिट केले, तर पुढच्या प्रक्रियांमध्ये होणारी घट टळते, परंतु स्कॅन करतानाच जे नोंदले गेले नाही ते परत येत नाही. गिम्प २.८ पर्यंत ८ बिटच्या पुढे जाण्याची सोयच नव्हती. २०१८ मध्ये २.१० आले तेव्हा जीईजीएल या नव्या गाभ्यामुळे १६ आणि ३२ बिटमध्ये काम करता येऊ लागले. म्हणून इंटरनेटवर एखादा धडा सापडला की तो कोणत्या आवृत्तीसाठी लिहिला आहे हे आधी पाहावे. निम्मे गोंधळ २.८ चे धडे २.१० मध्ये गिरवल्यामुळे होतात.

छायाचित्र कृष्णधवल असले तरी स्कॅन रंगीत करावा. हे अनेकांना पटत नाही, परंतु आपल्या चित्रात तर त्याचा फायदा सर्वांत मोठा आहे. पिवळा डाग निळा प्रकाश शोषून घेतो, त्यामुळे तो निळ्या चॅनेलमध्ये गडद, हिरव्यात मध्यम आणि लाल चॅनेलमध्ये सर्वांत पुसट दिसतो. ग्रेस्केलमध्ये स्कॅन केले की हा भेद तिथेच संपतो. रंगीत स्कॅनवर कलर्स मेनूतील कंपोनंट्समध्ये असलेला मोनो मिक्सर उघडून लाल १, हिरवा ० आणि निळा ० ठेवून पाहावे; पिवळेपणा आणि पाण्याचा डाग हे दोन्ही एक पिक्सेलही न रंगवता बरेच मावळतील. निळ्या शाईचा डाग असता तर याच्या उलट, निळा चॅनेल घ्यावा लागला असता.

स्कॅन ६०० डीपीआयला करावा. ४ बाय ६ इंचाचे चित्र मग २४०० बाय ३६०० पिक्सेलचे होईल आणि १६ बिटच्या तीन चॅनेलसह न दाबलेली टिफ फाइल सुमारे ५२ मेगाबाइटची होईल, ती आजच्या कोणत्याही संगणकाला पेलण्यासारखी आहे. स्कॅनरच्या स्वतःच्या प्रणालीतील आपोआप रंग सुधारणे, धूळ काढणे, शार्पन करणे हे सर्व पर्याय बंद ठेवावेत. अवरक्त किरणांनी धूळ ओळखण्याची सोय फिल्मसाठी असते, कागदी छायाचित्राला तिचा काही उपयोग नाही. छायाचित्राच्या पृष्ठभागाला ओले कापड किंवा कोणतेही द्रावण लावू नये. धूळ हवेच्या फुग्याने उडवावी आणि स्कॅनरची काच मात्र स्वच्छ पुसून घ्यावी.

रेघोटी

पडछाया यांनी स्कॅनबद्दल लिहिले आहेच, तेव्हा मी चेहऱ्यांकडे वळते.

तुमच्या तुकड्यात गालावरची त्वचा पूर्ण गुळगुळीत आहे, मात्र हनुवटीच्या खाली, जिथे सिलेक्शन संपते, तिथून साडीच्या काठावर खरखर पुन्हा सुरू होते. नजर नेमकी याच फरकावर अडते. जुन्या छायाचित्रात फिल्मचा आणि कागदाचा कण, म्हणजे ही बारीक खरखर, सर्वत्र सारखा पसरलेला असतो. तो फक्त चेहऱ्यावरून काढला की चेहरा वेगळा आणून चिकटवल्यासारखा भासतो. सरसकट ब्लर देताना कणासोबत भुवयांचे केस, ओठांची कड, डोळ्यांखालची बारीक सुरकुती हेही जाते, आणि पुढे कितीही शार्पन केले तरी ते परत येत नाही. माझे मत विचाराल तर चेहऱ्यावर ब्लर देऊच नये. कण राहू द्यावा.

डाग आणि कण वेगळे हाताळायचे असतील तर गिम्प २.१० मध्ये फिल्टर्सच्या एन्हान्स विभागात वेव्हलेट डीकम्पोज आहे. तो चित्राची विभागणी तपशिलाच्या आकारानुसार करतो. नेहमीच्या मांडणीत बारीक ते मोठ्या तपशिलांचे पाच लेअर मिळतात आणि त्याखाली उरलेल्या ढोबळ छटांचा एक लेअर राहतो. सगळे लेअर चालू असताना चित्र मुळाबरहुकूम दिसते. पाण्याच्या डागाची छटा तळच्या लेअरमध्ये आणि मोठ्या तपशिलांच्या लेअरमध्ये सापडते, त्यामुळे तिथे मोठ्या मऊ ब्रशने ती सारखी करता येते आणि वरच्या लेअरमधल्या कणाला धक्काही लागत नाही. तड्याची धारदार रेघ मात्र बारीक लेअरमध्ये असते. हे फिल्टर वापरण्यापूर्वी मूळ लेअरची प्रत करून ठेवावी.

तड्यासाठी तुम्ही सर्वत्र क्लोन वापरले आहे. क्लोन एका ठिकाणचे पिक्सेल जसेच्या तसे दुसरीकडे नेतो, म्हणून गालाच्या उजळ भागातून घेतलेला तुकडा सावलीच्या भागात ठिगळासारखा उठून दिसतो. तुमच्या तुकड्यात नाकपुडीच्या बाजूला असे एक ठिगळ स्पष्ट दिसते आहे. हील टूल पोत उगमाकडून घेतो आणि उजेड-अंधार जिथे लावायचा तिथल्याशी जुळवतो, त्यामुळे कपाळ, गाल, पडदा यांसाठी तोच योग्य. परंतु जिथे दोन छटांची ठळक सीमा आहे, उदाहरणार्थ केस आणि पडदा यांची कड, तिथे हील पलीकडची गडद छटा अलीकडे ओढून आणतो आणि मळकट फराटा उमटतो. तिथे कडेलगत सिलेक्शन करून क्लोनच वापरावे. ब्रश तड्यापेक्षा किंचित रुंद घ्यावा, कंट्रोल धरून क्लिक करून उगम वारंवार बदलावा आणि लांब फराटे न मारता लहान लहान ठिपक्यांनी पुढे सरकावे. एकच उगम धरून गालभर फिरल्यास तोच तीळ तीन ठिकाणी उमटतो.

काम कोणत्या लेअरवर करायचे हेही महत्त्वाचे आहे. हीलसाठी मूळ लेअरची प्रत घ्यावी. क्लोनसाठी वर एक रिकामा पारदर्शक लेअर घेऊन टूलच्या पर्यायांतील सॅम्पल मर्ज्ड चालू करावे, म्हणजे उगम खालच्या चित्रातून घेतला जातो आणि रंगवले जाते ते वरच्या लेअरवर. नको असलेला फराटा उद्या सापडला तरी तेवढाच पुसता येतो.

पांढऱ्या रेघेचे कारण अमाउंट २ हे आहे. कडेच्या गडद बाजूला अधिक गडद आणि उजळ बाजूला अधिक उजळ करणे हीच शार्पन फिल्टरची पद्धत असल्यामुळे जास्त मात्रेत ही उजळ बाजू रेघ होऊन बसते. शार्पन अगदी शेवटी, छपाईच्या आकाराला चित्र आणल्यानंतर करावे; गिम्प सुरुवातीला ०.५ सुचवतो, तिथून हळूहळू वाढवत जावे. थ्रेशोल्ड (किती फरकाला कड समजायचे ती मर्यादा) थोडा वाढवला तर कण शार्पन होत नाही, कडा तेवढ्या होतात. याहून अधिक ताबा हवा असेल तर शार्पन केलेल्या लेअरच्या दोन प्रती घ्याव्यात. एकीचा मोड (खालच्या लेअरशी मिसळण्याची पद्धत) डार्कन ओन्ली ठेवून अपारदर्शकता पूर्ण ठेवावी, दुसरीचा लाइटन ओन्ली ठेवून ती ३० टक्क्यांच्या आसपास आणावी. गडद बाजूचा धारदारपणा डोळ्यांना खटकत नाही, उजळ बाजूचा खटकतो, आणि या युक्तीने नेमका तोच कमी होतो.

मध्यछटा

छपाईपुरते लिहितो. पडदा स्वतः प्रकाश टाकतो आणि कागद खोलीतला प्रकाश परत पाठवतो. पडद्याची प्रखरता कारखान्यातून येते तशीच ठेवली असेल तर ती छपाईच्या कामासाठी बहुधा फारच जास्त असते, आणि अशा पडद्यावर योग्य वाटणारे चित्र कागदावर काळपटच येणार. छपाईसाठी पडदा साधारण ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर इतका ठेवण्याचा प्रघात आहे. मोजण्याचे उपकरण नसेल तर कोरा पांढरा कागद पडद्याशेजारी, ज्या उजेडात छायाचित्र पाहणार त्याच उजेडात धरावा आणि गिम्पमधील रिकाम्या पांढऱ्या चित्राची प्रखरता त्या कागदाच्या जवळ येईपर्यंत पडदा मंद करावा. ही पद्धत ढोबळ आहे, पण मोठी तफावत ती नक्की दाखवते.

त्यानंतरही अंदाजावर विसंबू नये. चेहऱ्याचा एक पट्टा कापून त्याच्या चार-पाच प्रती शेजारी शेजारी लावाव्यात, प्रत्येकीत लेव्हल्समधील मधला त्रिकोण थोडा थोडा सरकवून गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा) १.०, १.१, १.२ असा वाढवत जावा, प्रत्येकीखाली तो आकडा लिहावा आणि हे सगळे एकाच लहान कागदावर छापून घ्यावे. ज्या पट्ट्यात साडीच्या गडद भागातल्या चुण्या दिसतात आणि कपाळ पांढरे फटक पडत नाही, तो आकडा पूर्ण चित्राला लावावा.

छपाईवाल्याकडे त्याच्या यंत्राचा आणि कागदाचा आयसीसी प्रोफाइल (रंग कसे उमटतात याची वर्णन-फाइल) असेल तर तो मागून घ्यावा. गिम्पमध्ये व्ह्यू मेनूतील कलर मॅनेजमेंटखाली सॉफ्ट प्रूफची (छापील प्रत पडद्यावर आधी पाहण्याची) सोय आहे, तिने कागदावर काळ्याची खोली किती कमी होणार याची आधीच कल्पना येते. फाइल देताना ती ग्रेस्केल न ठेवता आरजीबी मोडमध्ये, एसआरजीबी प्रोफाइल जोडून द्यावी. ग्रेस्केल फाइल सर्वच छपाई यंत्रणा सारख्या पद्धतीने हाताळतात असे नाही. टिफ घेत असतील तर टिफ द्यावी, जेपेगच हवी असेल तर दर्जा ९५ च्या आसपास ठेवून ती एकदाच निर्यात करावी. कामाची फाइल एक्ससीएफ या गिम्पच्या स्वतःच्या प्रकारातच राहू द्यावी, कारण लेअर आणि मास्क (लेअरचा कोणता भाग दिसावा हे ठरवणारे आवरण) तिच्यातच टिकतात.

जुनापुराणा

तंत्राचे सर्व सांगून झाले आहे. मला दुरुस्ती कुठे थांबवावी याबद्दल लिहायचे आहे, कारण आपण मोकळा अभिप्राय मागितला आहे.

दुरुस्तीनंतरच्या चित्रात आपण कडा कापल्या आहेत आणि खालच्या पट्टीवरचा स्टुडिओचा उठावाचा ठसा त्यात गेला आहे. तो परत घ्यावा. छायाचित्र केव्हा आणि कुठे काढले याचा तोच कधी कधी एकमेव दुवा असतो. मागच्या पडद्यावरची रंगवलेली कमान आपण डाग समजून निम्मी पुसली आहे, असेही मला दिसते. मूळ स्कॅनमध्ये पुरुषाच्या खांद्यामागे तिची वळणदार कड आहे आणि दुरुस्त चित्रात ती मध्येच संपते. पाण्याचा डाग जावा हे ठीक, परंतु डाग काय आणि पडद्याचे चित्र काय हे ठरवण्यासाठी तीनही चॅनेल वेगवेगळे पाहावेत. तिन्हींत सारखे दिसते ते बहुतेक छायाचित्राचे असते आणि एका चॅनेलमध्ये उठून दिसते ते नंतर आलेले असते.

पिवळेपणा पूर्ण काढावा की नाही हा आवडीचा प्रश्न आहे. मला स्वतःला शेवटी दिलेली किंचित उबदार छटा बरी वाटते, पण ती मुद्दाम, सर्वत्र सारखी दिलेली असावी. जुनी डागाळलेली छटा तशीच राहू देणे वेगळे.

आणखी एक सांगतो, कारण पुढे कोणी तरी हा सल्ला देईलच. चेहरे आपोआप स्पष्ट करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने अशा छायाचित्रावर वापरू नयेत. ती हरवलेला तपशील शोधून काढत नाहीत; असंख्य इतर चेहऱ्यांवरून संभाव्य वाटेल तो तपशील भरतात. परिणाम नजरेत भरणारा असतो, आणि पापण्या दुसऱ्याच कुणाच्या असतात. घरातल्या माणसांना तो चेहरा ओळखीचा वाटत नाही आणि का वाटत नाही हे सांगताही येत नाही.

करडीछटा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे ४८ बिट रंगीत, ६०० डीपीआय असा नवा स्कॅन केला. मोनो मिक्सरमध्ये लाल चॅनेल घेतल्यावर पाण्याच्या डागाचा फक्त कडेचा तपकिरी काठ उरला, बाकीचा डाग जवळजवळ दिसेनासा झाला. पट्टे गेले. कमान पूर्ण आहे आणि ठसाही ठेवला आहे. जुनापुराणा यांनी कमानीकडे लक्ष वेधले नसते तर ती या खेपेलाही गेली असती.

दोन अडचणी उरल्या आहेत. तडा ज्या डोळ्याच्या कोपऱ्यावरून जातो तिथे कागदाचा वरचा थरच निघाला आहे. वरच्या पापणीचा बाहेरचा तिसरा हिस्सा आणि पांढऱ्या भागाचा थोडा तुकडा नाहीच. तिथे हील करायला उगम कुठून घ्यावा हे कळत नाही. दुसरे असे की वेव्हलेट डीकम्पोज चालवले की काही वेळा गिम्प काही न सांगता बंद होतो.

रेघोटी

डोळ्यासाठी दुसऱ्या डोळ्याचाच आधार घ्यावा लागेल, परंतु पूर्ण डोळा उलटवून बसवू नका. बुबुळातला प्रकाशाचा ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला असतो, कारण प्रकाश एकाच दिशेने आलेला असतो. उलटवलेल्या डोळ्यात तो विरुद्ध बाजूला जातो आणि नजर तिरळी भासते. तुमचे बुबुळ शाबूत आहे, त्याला हात लावण्याचे कारण नाही.

फ्री सिलेक्टने चांगल्या डोळ्याच्या वरच्या पापणीचा बाहेरचा अर्धा भाग, भोवतालच्या थोड्या त्वचेसह निवडा, त्याची प्रत नव्या लेअरवर घ्या आणि फ्लिप टूलने आडवी उलटवा. ती जागेवर आणताना लेअरची अपारदर्शकता निम्मी करा, म्हणजे खालच्या पापणीचा उरलेला भाग दिसत राहील आणि दोन रेघा एकमेकींवर नेमक्या बसवता येतील. तिचा चेहरा किंचित वळलेला आहे, त्यामुळे लांबचा डोळा थोडा अरुंद असणार. युनिफाइड ट्रान्सफॉर्मने रुंदी जराशी कमी करा आणि शेवटचे वळण वॉर्प ट्रान्सफॉर्मने, लहान बळाने जुळवा. मग अपारदर्शकता पूर्ण करून काळा लेअर मास्क जोडा आणि जिथे कागद खरोखर गेला आहे तेवढ्याच भागात पांढऱ्या मऊ ब्रशने तो उघडा. मूळ पापणीचा जो भाग वाचला आहे तो वाचलेलाच दिसला पाहिजे. आणलेला तुकडा दुसऱ्या बाजूच्या उजेडातला असल्याने छटा जुळणार नाही, त्या लेअरपुरते कर्व्ह्ज (छटा वक्ररेषेने कमी-जास्त करण्याची सोय) वापरून ती जुळवा.

भरलेल्या जागेत कण कमी वाटला तर ५० टक्के करड्या रंगाचा एक लेअर वर घ्या, त्यावर आरजीबी नॉइज द्या, त्यातील तिन्ही रंग स्वतंत्र ठेवण्याचा पर्याय बंद करा म्हणजे रंगीत ठिपके येणार नाहीत, किंचित ब्लर करा आणि मोड ग्रेन मर्ज ठेवा. शंभर टक्क्यांवर पाहून शेजारच्या गालाशी जुळेपर्यंत अपारदर्शकता कमी करा. मास्कने हा कण फक्त भरलेल्या जागेपुरता ठेवावा.

पडछाया

गिम्प बंद पडण्याबद्दल. पाच तपशील लेअर आणि तळचा एक असे सहा लेअर एकदम तयार होतात, प्रत्येक पूर्ण आकाराचा. प्रिसिजन ३२ बिट असेल तर स्मृतीची गरज आणखी दुप्पट होते. आधी प्रिफरन्सेसमधील सिस्टम रिसोर्सेसमध्ये टाइल कॅशला (चित्राचे तुकडे ठेवण्याच्या जागेला) किती स्मृती दिली आहे ते पाहावे आणि तात्पुरत्या फाइलींच्या डिस्कवर जागा शिल्लक आहे ना याची खात्री करावी. चेहऱ्यांपुरता भाग वेगळ्या चित्रात घेऊन तेवढ्यावरच वेव्हलेट चालवणे हाही सोपा उपाय आहे.

तरीही बंद पडत असेल तर तो दोष विकासकांपर्यंत पोहोचवावा. आधी २.१० मालिकेतील सर्वांत नवी आवृत्ती बसवून पाहावी, कारण जुन्या आवृत्तीतले कितीतरी दोष आधीच दुरुस्त झालेले असतात. त्यानंतर गिम्पच्या दोषनोंदी ज्या ग्नोम प्रकल्पाच्या गिटलॅब या संकेतस्थळावर होतात तिथे तोच दोष कोणी नोंदवला आहे का ते शोधावे. नसेल तर आवृत्तीचा पूर्ण क्रमांक, कार्यप्रणाली, चित्राचा आकार आणि प्रिसिजन, आणि चित्र उघडल्यापासून बंद पडेपर्यंतच्या पायऱ्या लिहाव्यात. ‘वेव्हलेट चालत नाही’ एवढ्या वाक्यावर कोणालाच काही करता येत नाही. त्याच पायऱ्या दुसऱ्याच्या संगणकावर केल्यावर तोच दोष दिसला तरच तो सापडतो. कौटुंबिक छायाचित्र जोडण्याची गरज नाही, त्याच आकाराच्या कोणत्याही चित्रावर दोष घडतो का ते पाहून ते चित्र जोडावे.

मार्च २०२५ मध्ये आलेल्या गिम्प ३.० मध्ये लेव्हल्स, कर्व्ह्ज, शार्पन यांसारखे फिल्टर लेअरवर जिवंत राहतात आणि नंतर बदलता येतात, त्यामुळे शार्पनचा आकडा छपाईची चाचणी पाहून कमी-जास्त करणे सोपे जाते. तिकडे वळायचे असल्यास कामाच्या फाइलची एक प्रत वेगळी ठेवावी, ३.० मध्ये असे फिल्टर ठेवून साठवलेली एक्ससीएफ २.१० मध्ये तशीच उघडेल अशी अपेक्षा ठेवू नये.

करडीछटा

चेहऱ्यांचा भाग वेगळा घेऊन वेव्हलेट चालवले, या वेळी गिम्प बंद पडला नाही. पापणी रेघोटी यांनी सांगितलेल्या पद्धतीने बसवली आहे. नवे चित्र आणि डोळ्याचा शंभर टक्के तुकडा जोडला आहे. गॅमाच्या पट्ट्यांमध्ये १.२ चा पट्टा सर्वांत चांगला वाटला.

रेघोटी

पापणी चांगली बसली आहे. एकच खटकते : बाहेरच्या टोकाला पापणीखाली जी बारीक सावली दुसऱ्या डोळ्याला आहे ती येथे नाही, त्यामुळे पापणी त्वचेवर टेकलेली वाटत नाही. आणलेल्या लेअरच्या वर एक रिकामा लेअर घेऊन त्याचा मोड मल्टिप्लाय ठेवा, शेजारच्या सावलीची करडी छटा उचलून लहान मऊ ब्रशने, १० ते १५ टक्के अपारदर्शकतेने एक-दोनदा फिरवा. गॅमा १.२ ठीक आहे, मात्र पुरुषाच्या कोटाच्या बाह्या त्यात थोड्या राखाडी पडल्या आहेत; कर्व्ह्जमध्ये तळाचा बिंदू धरून ठेवून फक्त मधला भाग उचलला तर कोट काळा राहील आणि चेहरे उजळतील.